काज

सोनपेठच्या बाजारगल्लीत माझं मशीन.
जून लागला की गणवेशांचा ढीग,
औंदा त्यात एक मपला.

टेप गार लागला की तो हसतो,
आकडे चुकतात.
चड्डीला तीन बोटं मुडप ठेवली आत,
दरसाल थोडी उसवू.
काज मात्र नेहमीच्या मापानं केलं
अन् तिथंच फसलो.

शू लागली तर काय करशील?
काढून दाखव बटण.
जीभ बाहेर काढून झटला गडी,
पाय आवळले, डोळ्यांत पाणी,
बटण काही निघेना.
वीस वर्षं काजं करतोय मी,
हजारानं केली असतील.
ती कुणाच्या बोटांनी उघडायची
हे कधी इचारलं नव्हतं.
ब्लेडनं सुताभर वाढवलं,
कड पुन्हा हातानं गुंफली.
ढिगातल्या बाकीच्यांचीही.
गिऱ्हाईकाला सांगितलं नाही.

रात्री भाकरी थापता थापता
त्याची माय बाई झाली, हजेरी घेऊ लागली :
हर्षवर्धन ज्ञानोबा बगाडे!
हा वळून दाराकडं बघतो,
कोण आलं म्हणून.
आरं, तूच की रे तो. म्हण, हजर.
हजर, म्हणला. हळूच.

मग बराच वेळ गप्प.
लाईट गेली, आली.

"मंग मुंगळ्या कुठं ऱ्हाईल?"

मी दोरा ओवत होतो,
सुईचं भोक सापडेना.

"त्याला हितंच बसू द्या, मशीनखाली, चिंध्यात.
मी येईस्तोवर."

असं म्हणून
बटण लावत बसला,
काढत बसला.