बादली घेऊन यावे

अक्षर बरं म्हणून फळा माझ्याकडे.
बत्तीस वर्षं बालवाडीत अननस काढले, आगगाड्या काढल्या,
आता पाखाडीच्या तोंडाशी, देवळाच्या भिंतीवर लिहिते :
"रविवारी सकाळी सात. विहीर साफ करणे.
ग्रामस्थांनी घमेलं किंवा बादली घेऊन यावे."

संध्याकाळी मुनव्वर फळ्यापुढे उभा,
जरीच्या कारखान्यातला, वैतींच्या माळ्यावर भाड्याने राहतो.
ओठ हलवत हलवत वाचलं त्याने सगळं.
"बाई, ग्रामस्थ म्हणजे कोण कोण?"
मी तोंड उघडलं.
कपाटात सिटी सर्व्हेचा उतारा आहे,
त्यावर आजेसासऱ्यांचं नाव आहे,
हे सगळं तोंडाशी आलं आणि तिथेच राहिलं.
पदराने तेवढा शब्द पुसून टाकला.
उरलं, घमेलं किंवा बादली घेऊन यावे.

रविवारी सातला मी आणि दोन कावळे.
सव्वासातला ब्रिजिट, रात्रपाळीहून थेट,
नर्सच्या कपड्यांवर नवऱ्याचा शर्ट चढवून.
मग मुनव्वर, त्याच्यामागे कारखान्यातली तीन पोरं,
चौघांत मिळून रंगाचा एक डबा.
समोरच्या टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावरून
कुणीशी पाण्याच्या बाटल्यांचा खोका पाठवला.
विहिरीच्या काठावर बसून आम्ही
बाटलीतलं पाणी प्यायलो. हसलं कुणीच नाही,
ऊन फार होतं.

आठ वाजता हिराजी केणी आला
खांद्यावर होडीचा दोर घेऊन.
त्याच्या-माझ्यात अकरा वर्षं एक भिंत आहे,
नऊ इंची, माझ्या न्हाणीकडे दीड फूट सरकलेली.
तारखा पडल्या, माणसं मेली, लग्नं झाली,
पत्रिका आल्या त्या पोस्टाने,
शेजारच्या घरातून.

पंपाने पाणी उतरवलं. खाली गाळ, काळाभोर.
मुनव्वर उतरला, कमरेला दोर,
दोर हिराजीच्या हातात, त्याच्यामागे माझ्या.
"धर."
"सोड."
"हळू गं, हळू!"
तो 'गं' त्याच्याही लक्षात आला असावा,
कारण नंतर बराच वेळ नुसताच खोकत होता.

काय काय निघालं वर!
गाठ मारलेलं निर्माल्य, थर्माकोलच्या मखराचा खांब,
एक कुलूप किल्लीसकट,
आणि चेंडू. ब्रिजिटचा डेरिक मोजत बसला होता,
चौदाव्याला म्हणाला, हा माझा.
शेवटी एक कळशी, पोचे पडलेली, पितळी.
चिंच लावून घासली तर कानाखाली
ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव : कु. यमुना.

कुठल्याच घरात यमुना नव्हती.
वैतींच्या म्हातारीला विचारलं, डिमेलोंकडे विचारलं.
हिराजीने बोटांवर चार पिढ्या मोजल्या.
"लग्नात नाव बदललं असेल," ब्रिजिट म्हणाली,
"माहेरची कळशी घेऊन आली असेल बिचारी."
मी पाय धुवायला उठले.
माझं माहेरचं नाव या पाखाडीत
फक्त रेशनकार्डाच्या जुन्या झेरॉक्सला ठाऊक आहे.

सोमवारी फळ्यावर लिहिलं :
"अर्धा गाळ बाकी. येत्या रविवारी सात.
कळशी देवळात ठेवली आहे."
कुणी न्यावी ते लिहिलं नाही.

आज दूध आणायला गेले तर
खाली आणखी एक ओळ, दुसऱ्याच हाताची,
अक्षर वल्ह्यासारखं आडवंतिडवं :
"दोर मि आणतो."

खडू पिशवीत असतोच माझ्या.
काढला. वेलांटी दीर्घ करायला हात वर नेला,
मग दूध नासेल म्हणून
घरी आले.