एकशे पंचाहत्तर

फळ्यावर लिहिलं : एका आमदाराचं मत = १७५.
सातवी ब मधली तहेरा म्हणाली,
सर, मग आमच्या अम्मीचं कामून एकच?

सांगत बसलो,
अम्मी आमदार निवडते, आमदार राष्ट्रपती.
एकाहत्तरच्या शिरगणतीतली राज्याची माणसं
आमदारांत वाटायची, पुन्हा हजारानं भागायचं.
गुलाबी मतपत्रिका, जांभळी शाई,
नावापुढं पसंती : एक, दोन, तीन.
इथवर पुस्तकात आहे.

एकाहत्तरच्या मार्चात
मानवतला आमच्या उंबऱ्यावर टेकून
गणतीचा मास्तर लिहून गेला :
सोजर, स्त्री, वय अठरा दिवस.
पोळ्याच्या आत गोवरानं गेली.
मी त्र्याहत्तरचा.
त्या आकड्यात मी नाही, ती आहे.

दर पाच वर्षांनी मुंबईला जाते,
कुण्या आमदाराच्या बोटांत
एका मताचा हजारावा हिस्सा होऊन.
कुणाला पडते, कुणास ठाऊक.
मत गुप्त असतं.

माय विचारायची,
थोरली कुठं असंल रं आता?
हे तिला सांगायचं राहिलं.

तास संपला. फळा पुसला,
भागाकाराची बाकी
तेवढी ठेवली.