उघडी वीण

बोट अजून सुवर्णदुर्गाच्या आड,
आणि व्यापाऱ्याला आधीच ठाऊक
सुरमई किती, कितव्या वावात लागली.
हर्णैच्या बंदरात भाव पडलेला.
तिसऱ्यांदा.

दमयंतीनं सगळ्यांचे फोन मागितले.
"हे ॲप टाका. याचा कोड उघडा असतो,
कुणीही वाचावा."
धाकू तांडेल हसला,
"उघडं? मग गुपित कसलं, डोंबलाचं?"

तिनं त्याच्याच मांडीवरलं जाळं उचललं,
उन्हात धरलं.
"ही वीण सारं बंदर बघतं, गाठ न् गाठ.
म्हणून मासा सुटतो होय?
गोणपाटात झाकून विकलेलं जाळं
तू घेशील?"

धाकूनं अंगठ्यानं एक गाठ ओढून पाहिली,
मग फोन पुढे केला.
काचेवर खवलं.

नवा ग्रुप. अकरा जण.
समोरासमोर बसून आकडे जुळवले,
एकेकाचे साठ,
बर्फाच्या पेटीवर कोपर टेकून.

बाराव्या नावाशी तिचं बोट थांबलंय.
सख्खा दीर. बर्फ कारखान्यात कामाला,
हल्ली व्यापाऱ्याच्या गाडीतून घरी येतो.

कोड काही तिला वाचता येत नाही,
तो वाचणाऱ्यांवर ती विसंबलीय.
दिराचा चेहरा मात्र
तेवीस वर्षं वाचतेय.