फोल

माझ्या आजोबांची धनुकली होती.
तातीवर ठोका पडला की खोलीभर पांढरं उडायचं,
भुवया म्हाताऱ्या व्हायच्या त्यांच्या,
मी हसायचो.
पिंजण संपलं. गाद्या आता दुकानात गुंडाळून मिळतात.
आम्ही आडनावाचेच पिंजारी.
मी नवापूरला साळ भरडतो,
रंगावलीच्या अलीकडे, रेल्वेच्या फाटकाजवळ.

तांदूळ पुढच्या दाराने जातो, वजन होऊन.
तूस मागच्या खिडकीतून.
तुसाला पावती नाही.
त्याचा डोंगर झालाय तिथे,
कुत्री त्यावर ऊन खातात,
वारा सुटला की शेजारची सून वाळत घातलेले कपडे काढून
माझ्याकडे बघते.
ढोर तोंड लावत नाही, शेत लवकर पचवत नाही,
वीटभट्टीवाला नेतो तेव्हा
भाडं वर मीच देतो.
फोल म्हणजे काय
ते मला कोशात पाहावं लागत नाही.

मार्गशीर्षात उर्मिला वसावे आली, विसरवाडीची,
कॉलेजात रसायन शिकणारी,
खताची रिकामी गोणी घेऊन.
तुसनं काय करशी, माय?
म्हणाली, काका, यात काच आहे.

मी चिमटीत चोळून पाहिलं.
तिने बाही वर सारली.
कोपरापर्यंत बारीक ओरखडे, निंदणीचे.
मग हे कशाने कापलं? म्हणाली.
मुळं मातीतली वाळू पाण्यासारखी पितात,
पात्याच्या कडेला दाते करून लावतात
आणि उरलेली सगळी
दाण्याच्या अंगरख्यात शिवतात.
माझ्या आईच्या हातांवर तर
चाळीस हंगाम आहेत.

मी गोणी दाबून भरली. पैसे घेतले नाहीत.
द्यावे लागले नाहीत, हेच पुष्कळ.

रविवारी बघायला गेलो.
तिने तूस आम्लात धुतलं होतं, वाळवलं होतं,
पेटीएवढ्या भट्टीत सारलं.
आकडे चढत गेले.
सातशेवर थांबवायचं, म्हणाली,
फार तापली तर हीच काच छातीत जाऊन बसते.
मला खोकला आला,
उगीच.

बायको भांडी घासते ती राख काळी.
ही पांढरी निघाली,
पाच मुठींची एक मूठ.
ती तिने कॉस्टिकच्या पाण्यात उकळली
आणि राख गेली.
गाळलेलं पाणी नितळ, जडसर,
बुडाशी काही नाही.
मला वाटलं, फसली पोरगी.
गिरणीत असं झालं असतं तर मी शिवी दिली असती.
ती थेंब थेंब आम्ल सोडत राहिली.
खूप वेळ.
मग पाणी अडखळलं
आणि विरजण लागावं तसं
साकळलं.

कोण घेईल, काय भावाने, तिलाही ठाऊक नव्हतं.
टायरात घालतात म्हणे, दातांच्या पेस्टमध्येही.
भट्टीची वीज कॉलेजची, सुट्टीही कॉलेजचीच.
पुढच्या खेपेला दोन गोण्या लागतील, एवढं मात्र
तिने वहीत लिहिलं,
माझ्या नावासमोर.

चार दिवसांनी धुऊन वाळवून
पुडी पाठवली.
रात्री दिव्याखाली उघडली,
हातात वजनच लागेना.
पंखा चालू आहे
हे ध्यानात राहिलं नाही.

बायको आतून आली, थबकली,
पदर तोंडाशी धरून हसायला लागली.
आरशात पाहिलं.
भुवया.