विक्रीला: समुद्राकाठी, मूळ स्वरूपात

ट्रेंट म्हणाला, ग्लेनिस, घर असं आवर
की इथं कुणीतरी मजेत राहतंय असं वाटावं,
पण कोण, ते कळू नये.

तीस वर्षं याच घराच्या मोरीतून मी वाळू उपसतेय.
नोस्क्यांची किती पोरं आली होती,
यंदा कोण कोणाशी बोलत नव्हतं,
मला चादरींवरून कळायचं.

आल्विन नोस्के, आतल्या कोरड्या मुलखातला गहूवाला.
अ‍ॅडलेडमधल्या ट्रॅम मोडीत निघाल्या तेव्हा
त्यानं एक डबा भंगाराच्या भावात उचलला,
ट्रकवर लादून पोर्ट हॅलमला आणला,
तोंड समुद्राकडं करून ठोकळ्यांवर बसवला
आणि मग पीक येईल तसतसं चिकटवत गेला:
एका साली पडवी, एका साली पत्र्याचं स्वयंपाकघर.
दुष्काळात नुसता रंग.

चालक उभा राहायचा तिथं
एल्फ्रीडच्या जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या.
बाकांच्या पाठी अजून फिरतात:
इकडं केली की टेबल, तिकडं केली की पाणी.
आणि छताखालून ती चामड्याची दोरी.
एकदा ओढली, जेवण तयार.
दोनदा, शार्क दिसलाय, बाहेर या.
तीनदा, बाबा झोपलेत, गप्प बसा.
घंटा बडवून गप्प बसवणारं घर
मी दुसरं पाहिलं नाही.

मागच्या जुलैत एल्फ्रीड गेली, वृद्धाश्रमात,
जिथून समुद्र तीन तासांवर होता.
तिघा भावंडांच्या मनात तीन आकडे.
मग ट्रेंटनं चौथा सांगितला.

तो खोटी लिंबं घेऊन आला, काचेच्या वाडग्यासकट.
भिंतीला टेकवायला एक सर्फबोर्डही आणला.
मी म्हटलं, अरे, आपलं आखात उथळ,
इथं लाट कुठली?
भरती येते ती सुद्धा
उशिरा आलेल्या भाडेकरूसारखी, चपला हातात घेऊन.
तो म्हणाला, फोटोत कळत नाही.

मग कपाटाच्या दारामागचा तो कागद.
काढून टाक, म्हणाला.
एल्फ्रीडचं अक्षर, डावीकडं कललेलं:
गरम नळ थंड आहे. थंड नळ बंद आहे.
खिडकी आधी उचला, मग ढकला.
संडासात बेडूक असतो, त्याला राहू द्या.
निघताना
आणि पुढचं किटलीच्या वाफेनं नेलेलं.
तीस वर्षं मी निघतेय,
निघताना काय करायचं असतं
मला ठाऊक नाही.
कागद निघाला, रंगाचा पोपडा घेऊनच निघाला.
घडी करून मी एप्रनमध्ये ठेवला.

शनिवारी सतरा माणसं आली.
कुणी अ‍ॅस्बेस्टॉसचं विचारलं, कुणी छताला बोटं लावली.
एक गृहस्थ घरात आलाच नाही.
घराकडं पाठ करून
टाचेला टाच लावत जमीन मोजत होता.
त्याची पोरगी, सहा वर्षांची असेल,
बाकावर चढली
आणि कुणी काही म्हणायच्या आत
दोरी ओढली. एकदा.

सगळे थबकले, हसले, पुन्हा विचारायला लागले
पाण्याची टाकी किती लिटरची.

दहा मिनिटांनी दारात क्लॅरी ओटवे.
शेजारचा. एक्क्याऐंशी वर्षांचा, कानांनी अर्धा.
धक्क्यावरून गळ गुंडाळून आलेला,
बादलीत दोन माकुळ, हातात टोपी.
कोण आलंय, त्यानं विचारलं.
मला काही सुचलं नाही. मी म्हटलं, बस.
त्यानं बाकाची पाठ सवयीनं पलीकडं ढकलली,
पाण्याकडं तोंड करून बसला
आणि पोरीला सांगायला लागला
पुढचा थांबा कोणता ते.

ट्रेंटनं घड्याळ पाहिलं.
मी चहाचं आधण ठेवलं, गरम नळाच्या थंड पाण्याचं.
खिडकीतून दिसत होता तो गृहस्थ,
टाचेला टाच, टाचेला टाच,
कुंपणाजवळ पोचला, थांबला,
आकडा विसरला असावा.
मागं गेला. पुन्हा पहिल्यापासून.