रकाना सतरा

फॉर्ममध्ये सतरावा रकाना: निदानाच्या वेळी टप्पा.
मोठ्या माणसांचा बहुधा भरून येतो,
पोरांचा कोरा.
कोरा ठेवायचा नसतो म्हणून तिथे मी लिहिते
नऊ नऊ, म्हणजे माहीत नाही.
गेल्या साली इतके नऊ लिहिले
की पेन सतरापाशी आलं की आपोआप गोल व्हायचं.

मेडिकलच्या रेकॉर्ड रूममधला कूलर
मे महिन्यात वाळ्याचा वास देतो, हवा देत नाही.
मडावीबाई गठ्ठ्याची दोरी सोडतात,
म्हणतात, "पोट्ट्याइच्या फायली हलक्या असतात न, मॅडम."
असतात.
काही तर दोनच पानांच्या.

नियम साधा आहे.
मूल आज कसं आहे ते नको,
केस परत आले का, शाळेत जातं का, नको.
पहिला दिवस पाहिजे,
पहिली सलाइन लागायच्याही आधीचा:
त्या दिवशी आजार कुठवर पोचला होता.
आणि पत्ता शहरातला पाहिजे.
गोंदियाचा एक पोरगा मामाच्या पत्त्यावर होता, मानेवाड्याला.
चौकशी केली, काढून टाकला.
यादीतून, म्हणतेय मी.

सुगत रामटेके. वय चार. राहणार भांडेवाडी.
डाव्या किडनीला गाठ.
पहिल्या पानावर कुणा शिकाऊ डॉक्टरनं लिहिलंय:
आंघोळ घालताना आईच्या हाताला लागली.
इतकी चांगली नोंद मी क्वचित वाचली असेल.
वार आहे, तारीख आहे, हात कुणाचा तेही आहे.
पुढे छातीचा सीटी: केला. रिपोर्ट नातेवाइकांकडे.

नातेवाइकांकडे म्हणजे
इतवारीतल्या साडीच्या दुकानाची पिशवी,
खुंटीला.

तीन दिवस फोन लागला नाही. चौथ्या दिवशी आई.
"आता कायले पायजेत तुमाले कागदं?"
मोजायला, म्हटलं.
किती पोरं वेळेत येतात, किती उशिरा, ते मोजायला.
ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं वाक्य.
त्यातला उशिरा हा शब्द
तिच्या घरात जाऊन बसला.
मला तो परत मागता आला नाही.

बराच वेळ नुसता भांड्यांचा आवाज.
मग तिनं पोरीला दिला फोन. प्रणोती, सातवीत.
"इंग्लिशमदी हाये. अक्षरं सांगू का?"
सगळ्यात खालची ओळ सांग.
ती सावकाश सांगत होती, बोट ठेवून;
कागदावर सरकणारं बोट मला ऐकू येत होतं.
एन.
ओ.
मी श्वास धरला,
कारण नाही हा शब्दही तिथे असाच सुरू होतो.
डी, म्हणाली ती. यू. एल. ई. एस.
मग थोडं सोडून बी, ओ, टी, एच.
मग एल, यू, एन, जी, एस.
"बरोबर वाचलं का मी?"
एकदम बरोबर. एकही अक्षर चुकलं नाही.

सतरामध्ये चार लिहिला.
वर वयातला चार होताच,
त्याच शाईचा.

अठरावा रकाना मी विचारला नव्हता.
त्याची पाळी वर्षानं येते.
फोन ठेवता ठेवता तिनंच विचारलं,
"हा कागद आता ठिवू का, मॅडम?"
ठेव, म्हटलं.
मडावीबाई दोरी घेऊन उभ्या होत्या.