अनोळखी खाते

मंडईला आठ दिवस असताना जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली.
नवा आणला नागभीडहून, एसटीच्या शेवटच्या सीटवर,
मांडीवर धरून, ताप आलेलं पोर आणावं तसा.
जुन्याची डिस्क काळ्या डबीत घातली, वायर जोडली.
दिसलं सगळं, नावं, तारखा, पिवळे फोल्डर.
आत जायला गेलो तर पाटी:
तुम्हाला परवानगी नाही.

दुकान माझं. लाइटचं बिल माझ्या नावावर.
बाहेरचा बोर्ड मीच रंगवलेला,
शालिक लोनबले, पत्रिका, पोस्टर, फ्लेक्स.
आणि काल खोक्यातून निघालेलं यंत्र
मलाच विचारतं, तुम्ही कोण.

बाकावर नाटक कंपनीचा इस्तारी बसून.
त्याला पोस्टर पाहिजे, मागच्या सालचंच,
गाव आणि तारीख तेवढी बदलून.
"आन् हिरोइनचा फोटो जरासा मोठा करा, जी."
म्हटलं, चहा घे.
म्हणाला, तिसरा होईल.

देवांगनाला फोन लावला.
सहा वर्षं ती याच खुर्चीवर बसली,
कीबोर्डवरचा 'क' तिच्याच बोटानं पुसला गेला.
आता वनरक्षक आहे, धानोऱ्याच्या पुढं कुठं तरी,
पाण्याच्या टाकीवर चढली की रेंज मिळते.
टाकीवरून सांगू लागली:
"राइट क्लिक करा. सगळ्यात खालचं घ्या. सिक्युरिटी.
आता अॅडव्हान्स्ड. मालक कोन लिहून आहे?"

मी चष्मा पुसून वाचलं. अनोळखी खाते.
पुढं कंसात एस, एक, पाच, एकवीस,
मग आकड्यांचं शेपूट,
ट्रॅक्टरच्या चेसिस नंबराहून लांब.
"शेवटी का आहे?"
"एक हजार एक."
थोडा वेळ नुसता वारा ऐकू आला.
"ते मीच आहो, भाऊ."

जुन्या यंत्राला ठाऊक होतं या आकड्याचं नाव.
नव्यानं तिला पाहिलंच नाही कधी.
नाव तिकडंच राहिलं,
आकडा तेवढा फायलींना चिकटून आला,
धुतलेल्या सदऱ्याला गोखरू यावं तसा.

घराच्या फेरफाराला तलाठ्याकडं तीन महिने गेले होते माझे.
इथं 'बदला' दाबलं, नाव लिहिलं, 'तपासा' दाबलं.
नावाखाली एक रेघ आली,
आणि झालो मालक.
"आतल्या सगळ्याले लागू करा, नायतर दारोदार नकार भेटते."
खूण केली.
पट्टी सरकत गेली, तिच्यावरून नावं पळाली:
तेरवी नामदेव दुरुस्त,
सरपंच वाढदिवस अंतिम,
सरपंच वाढदिवस अंतिम खरंच,
सरपंच वाढदिवस आता बदलणार नाही.
इतक्या रात्री तिनं काढल्या इथं,
आणि मी म्हणायचो, पोरी, घरी जा.

मग दिसलं,
'देवू. उघडू नये.'
तेवढ्यात तीच म्हणाली,
"भाऊ, त्यात माहं एक फोल्डर आहे, ते तेवढं…"
रेंज गेली.
ते तेवढं काय? पुसा? ठेवा? पाठवा?
तीनदा लावला, बाई सांगते संपर्कक्षेत्राच्या बाहेर.

आता मला सगळ्यात पूर्ण अधिकार. तिच्या फोल्डरातही.
यंत्राला काही वाटत नाही,
त्याला रेघ पुरते.

इस्तारीचं पोस्टर आधी काढून दिलं.
हिरोइन मोठी झाली, तारीख चुकली,
पुन्हा काढलं. चौथा चहा त्यानंच पाजला.

तो गेल्यावर शटर अर्धं ओढलं.
तीच वाट पुन्हा, राइट क्लिक, सगळ्यात खालचं, सिक्युरिटी.
माझ्या नावासमोर 'नकार' वर खूण केली.
यंत्रानं बजावलं, नकार हा होकाराच्या वर चालतो,
पुढं जायचं का?
हो म्हटलं.
उघडून पाहिलं. तुम्हाला परवानगी नाही.

मालक मीच आहे, वाटेल तेव्हा ही खूण काढू शकतो.
हे मला माहीत आहे.
तिलाही असेलच, तिनंच तर शिकवलं.